धुवण

आमच्या कारखान्यात केचप बनतं, मोहरीचा सॉस बनतो, मिरचीचा बनतो, मेयोनीज बनतं आणि एक हिरवा सॉस बनतो, ज्याच्याबद्दल आम्ही पाहुण्यांसमोर बोलत नाही. बाटलीवरचा मजकूर लिहिणं हे माझं काम. ‘वापरण्यापूर्वी हलवा’ हे वाक्य माझ्या आधीच्या माणसाचं. ‘उघडल्यावर थंड जागी ठेवा’ यातली ‘थंड’ ही भर मात्र माझी. ऑफिसात जागेची टंचाई असल्यामुळे माझं टेबल चव विभागाच्या आतल्या खोलीत, ओट्याला लागून टाकलेलं आहे. त्यामुळे वाटीकरचं प्रकरण मला बसल्या जागी पाहायला मिळालं. जे दिसलं नाही ते त्यानंच चहाच्या वेळी सांगितलं.

वाटीकर हे त्याचं आडनाव नव्हे. तो छोट्या छोट्या वाट्यांत सॉस भरून खिडकीतून पलीकडे सरकवतो, म्हणून वाटीकर. नाव इतकं चपखल बसलं की मागे नव्यानं आलेल्या साहेबांनी त्याला विचारलं होतं, तुमचं हे वाटी गाव नेमकं आलं कुठं?

आमच्या खोलीच्या भिंतीला पाच खिडक्या आहेत. खिडकी म्हणजे वीतभर वर सरकणारी फळी. पलीकडे पाच कप्पे, प्रत्येकात एक स्टूल, पाण्याचा ग्लास, एक बेचव बिस्किट आणि एक ते नऊ आकड्यांची बटणं. कप्प्यांत लाल दिवे आहेत, कारण सॉसचा रंग दिसला की माणूस जिभेनं चाखायचं सोडून डोळ्यांनी चाखायला लागतो. आसपासच्या वस्तीतले लोक येऊन बसतात, वाट्या चाखतात आणि बटण दाबतात. एक म्हणजे अजिबात आवडलं नाही, नऊ म्हणजे अतिशय आवडलं. आकडा आमच्या बाजूला खिडकीवरच्या दिव्यात उमटतो आणि आमच्या विभागप्रमुख मॅडमच्या खोलीतही जातो. जाताना चाखणाऱ्यांना पिशवीभर सॉस भेट देतात. बहुधा त्यांनी नुकतेच नापास केलेले.

आम्हाला त्यांचे चेहरे दिसत नाहीत. फक्त हात दिसतात. बोलायचंही नाही असा सक्त नियम, कारण आवाजानं मत बदलतं असं मॅडमचं मत आहे. त्यामुळे वाटीकर माणसांना हातांवरून ओळखायचा. पहिल्या खिडकीत एक निवृत्त मास्तर, ज्यांच्या मते मोहरीचा सॉस हा शिस्तीचा भाग आहे. पाचवीत एक अंगठीवाला हात, ज्याला मेयोनीज मनापासून आवडतं आणि त्याची मनापासून लाज वाटते. आधी वाटी चाटूनपुसून साफ करतो आणि मग चार देतो.

देशात काय चाललंय यावर ज्यांना काही म्हणायचं नसतं, त्यांनाही केचपवर म्हणायचं असतं. आमचा स्टोअरवाला अंड्याबरोबर केचप क्षम्य मानतो, पण भाताबरोबर खाणाऱ्याशी तो सोयरीक करणार नाही. माझं मत असं की केचप काचेच्या बाटलीतलंच खावं. पिळलं की येणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटलीनं माणसाची वाट पाहायची सवय घालवली. मॅडम कोणताच सॉस खात नाहीत. त्यांच्या डब्यात उकडलेलं काहीतरी असतं आणि बाजूला चिमूटभर मीठ. त्या म्हणतात, बाकी सगळं मिठाला नटवणं आहे.

वाटीकरचं मत सगळ्यात कडक. केचप घट्ट पाहिजे. बाटली उलटी केली तर क्षणभर त्यानं विचार केला पाहिजे, येऊ का नको. त्या घट्टपणासाठी आम्ही लोक काय काय करतो हे बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून ते संपत आलेल्या बाटलीत पाणी घालून हलवतात. याला वाटीकर गुन्हा म्हणायचा. हा गुन्हा त्याच्या घरात त्याच्या बायकोच्या हातून वर्षानुवर्षं घडत होता.

या बायकोबद्दल आम्हाला त्याच्याकडून तुकड्यातुकड्यानं कळलं होतं. लग्न झालं तेव्हा वाटीकर चव विभागात नव्हता. पेट्या चढवायचा. महिनाअखेरीला घरात फारसं काही नसायचं. मग बायको संपलेल्या बाटल्या पुढ्यात घ्यायची. केचपची तळाशी उरलेली, मोहरीची काठाला वाळलेली. दोन्हींत पाणी घालून खळखळून धुवायची, ते पाणी एकत्र कढईत ओतायची, मिरी कुटून घालायची, थोडी साखर, आणि चटका देऊन कालच्या पावाबरोबर वाढायची. त्याला ती धुवण म्हणायची. वाटीकर तेव्हा आकडे देत नसे. दुसऱ्यांदा वाढून घेत असे.

मग त्याची बदली चव विभागात झाली. मॅडमनी त्याला शिकवलं, चव ही भावना नसून मोजमाप आहे. वाटीकर मेहनती माणूस. शिकला ते घरी घेऊन गेला. जेवता जेवता म्हणायचा, आज सहा. बायको विचारायची, सहा म्हणजे? तो समजावून सांगायचा की सहा म्हणजे थोडंसं आवडलं, वाईट आकडा नाही. कधी सात व्हायचा. मुलीच्या वाढदिवसाला एकदा साडेसात झाला होता, पण अर्धा पद्धतीत बसत नाही म्हणून त्यानं तो मागे घेतला.

मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली, आणि मग एका सकाळी बायको थोरल्या बहिणीकडे गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. चार दिवस पाहुणी म्हणून जावी तशी गेली आणि पाहुणीसारखी परत आली नाही, एवढंच. मुलीनं फोनवर सांगितलं, “बाबा, आई म्हणते रोज परीक्षेला बसायचा कंटाळा आला.” वाटीकर म्हणाला, मी कधी नापास केलं तिला?

तेव्हापासून तो आमच्यात बसून डबा खायचा. विकतचा डबा. त्यालाही सुरुवातीला आकडा द्यायचा, मग सोडून दिलं. ऐकायला कोणी नसेल तर आकड्याला चव लागत नाही, असं काहीसं त्याच्या लक्षात आलं असावं.

एका दुपारी नवे चाखणारे आले होते. वाटीकरनं वाट्या सरकवल्या आणि तिसऱ्या खिडकीपाशी तो तसाच उभा राहिला. मी मान वर करून पाहिलं. लाल उजेडात एक हात. हातानं पाण्याचा ग्लास उचलला, केचपच्या वाटीत घोटभर पाणी सोडलं, वाटी गोल हलवली, करंगळीनं कड पुसून घेतली, आणि मग वाटी वर गेली. परत आली तेव्हा ती धुतल्यासारखी स्वच्छ होती. दिव्यात पाच उमटला.

चहाच्या वेळी वाटीकर मला म्हणाला, “माझीच आहे.”

मी विचारलं, काय?

“तिसऱ्या खिडकीत.”

नमुन्यात पाणी घालणं म्हणजे नियमाप्रमाणे चाखणारा बाद. वाटीकरनं बाद केलं नाही. शिवाय कामगारांच्या घरच्यांनी चाखायला यायचंच नाही, हा आणखी वरचा नियम. गेटवरची मुलगी प्रत्येकाला विचारते, कंपनीत तुमचं कोणी आहे का? वाटीकर त्या मुलीकडे सहज गेल्यासारखा गेला आणि तीन नंबरच्या बाई काय म्हणाल्या ते विचारून आला. त्या म्हणाल्या होत्या, कोणी नाही.

हे मला सांगून तो ओट्याशी गेला आणि दुसऱ्या दिवशीच्या वाट्या पुसत बसला. पुसलेल्याच वाट्या होत्या.

पण हात येत राहिला. आठवड्यातून एकदा, तोच कप्पा. त्या दिवशी वाटीकर दाढी करून यायचा. मी एकदा म्हटलं, अरे, तिला तुझं तोंड दिसत नाही. तो म्हणाला, हात दिसतात. आणि खरोखरच त्यानं नखं कापलेली होती.

ती इथं कशाला येते हे त्याला कळत नव्हतं. मला वाटत होतं की जन्मभर आकडे घेतलेल्या माणसाला एकदा बटणाच्या त्या बाजूला बसून पाहावंसं वाटणं साहजिक आहे. पण मी बोललो नाही. सांगून काय होणार होतं? त्याला ते बोलणं सहाचं वाटलं असतं.

मग वाटीकरनं असा उद्योग केला जो केवळ चव विभागातल्या माणसालाच सुचेल. बायकोला काहीतरी सांगायचं होतं, बोलायला बंदी होती, म्हणून तो सॉसमधून सांगायला लागला. तिसऱ्या खिडकीच्या तीन वाट्यांपैकी एक वाटी तो आपली स्वतःची सरकवायचा. तिच्यात ते धुवण. निदान त्याच्या आठवणीतलं. उत्तम ताजं केचप, उत्तम ताजी मोहरी, चांगली दळलेली मिरी, साखर तोलून. दिव्यात दोन उमटला.

“मोहरी जास्त झाली,” तो म्हणाला.

पुढच्या वेळी मोहरी कमी केली. तीन. मिरी वाढवली, पुन्हा दोन. एकदा त्यानं व्हिनेगरचा थेंब टाकला आणि चार आला, तर दिवसभर शीळ घालत होता. तेच पुढच्या आठवड्यात केलं तर एक. डोकं धरून बसला. एवढ्या वर्षांच्या अनुभवात एखाद्या सॉसनं त्याला इतकं खेळवलं नव्हतं.

शेवटी मी विचारलं, “पाणी घातलंस का?”

मी त्याच्याकडे अंगावरचे कपडे मागितल्यासारखं त्यानं माझ्याकडे पाहिलं.

“तूच म्हणतोस ना, धुवण. मग धुतलंस कुठं?”

तो म्हणाला, इतर काहीही सांग. घरी एक वेळ ठीक आहे. इथं, या ओट्यावर, या हातांनी केचपमध्ये पाणी, ते माझ्यानं होणार नाही. आणि झाकणं घट्ट करायला लागला.

व्हायचं ते झालं. मॅडमनी त्याला बोलावलं. त्यांच्या खोलीचं दार नीट लागत नाही, त्यामुळे मला ऐकू न येण्याचा प्रश्न नव्हता. त्या म्हणाल्या, एकाच केचपला चार खिडक्या सात देतात आणि तिसरी एक देते. काय चाललंय? वाटीकर खोटं बोलण्यात कच्चा. त्यानं सगळं सांगून टाकलं, मोहरीच्या मापासकट.

मॅडमनी विचारलं, “त्या तुमच्या कोण?”

“कोणी नाही म्हणाल्या.”

“मी तुम्हाला विचारतेय.”

“बायको,” वाटीकर म्हणाला.

पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मॅडमनी विचारलं की घरी किती आकडा द्यायचात. सहा, तो म्हणाला, कधी सात.

“आणि नऊ?”

“नऊ कोणालाच द्यायचा नसतो, मॅडम. तुम्हीच शिकवलंत.”

नोकरी गेली असती. आधीच्या एका माणसाची याहून कमी गोष्टीवर गेली होती. पण मॅडमनी काय विचार केला कोण जाणे, त्या एवढंच म्हणाल्या की तिसऱ्या खिडकीचे आकडे मी काढून टाकते. पुढच्या वेळी त्यांना शेवटचं येऊ द्या, आणि पुन्हा येऊ नका हे तुम्हीच सांगा. दुसऱ्या कोणी सांगितलं तर बरं दिसणार नाही.

पुढची वेळ आली. इतर चारही खिडक्यांच्या वाट्या भरून झाल्यावर वाटीकर मोरीकडे गेला. तिथं संपलेल्या बाटल्या धुवायला ठेवलेल्या असतात. त्यातली केचपची एक घेतली, मोहरीची एक घेतली. नळाखाली धरली. मग त्यानं डोळे मिटले की काय मला दिसलं नाही, पाठ होती माझ्याकडे, पण पाणी पडल्याचा आवाज मी ऐकला आणि बाटली खळखळल्याचाही. मिरी त्यानं दळली नाही. वाटीच्या बुडानं ओट्यावर ठेचली. छोट्या भांड्यात गरम केलं. खोलीभर वास सुटला. आमच्या विभागाला मुळीच न शोभणारा वास.

त्यानं वाटी सरकवली. हात आला, वाटीवर थांबला. त्या दिवशी पहिल्यांदाच तो पाण्याच्या ग्लासाकडे गेला नाही. वाटी वर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. इतर चारही दिवे लागून विझले. वाटीकर फळीला दोन्ही हातांनी धरून उभा होता, जणू ती पडली असती.

दिव्यात सहा उमटला.

आणि पलीकडून आवाज आला, अगदी रोजच्या बोलण्यातला. “सहा द्यायला किती सोपं असतं, नाही?”

वाटीकर वाकला. फळीच्या खाली तोंड नेऊन म्हणाला, “हो.”

मी माझ्या मजकुरात डोकं घातलं. ‘थंड जागी’ हे शब्द मी त्या दिवशी पुष्कळदा वाचले.

तो म्हणाला, “गेटवर तू कोणी नाही म्हणालीस.”

“काय सांगणार? होतं एक माणूस, घरातून कंपनीत गेलं आणि तिथंच राहिलं. संध्याकाळी यायचा तो परीक्षक. एवढं त्या पोरीला कोण सांगत बसणार, मागे रांग होती.”

तिनंच विचारलं, “घरी बाटलीत पाणी कोण घालतं आता?”

“कोणी नाही.”

“चला, सुटलात एकदाचे.”

“बाटलीच संपत नाही,” तो म्हणाला. “एकट्याला नाही संपत.”

पलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज झाला; गेली असं मला वाटलं. गेली नव्हती. वाटीकरनं मग जे सांगायचं होतं ते सांगितलं. म्हणाला, “पुढच्या वेळेपासून येऊ नकोस. मॅडमनी सांगितलंय. म्हणजे, इथं.” तो ‘इथं’ जरा उशिरा आला, पण आला.

“बरं,” ती म्हणाली. हातानं रिकामी वाटी अलीकडे सरकवली, उताणी नाही, पालथी. घरी जेवण झालं की ती अशीच ठेवायची म्हणे. “संपली की कळवा.”

“काय?”

“बाटली, अहो.”

आणि फळी खाली आली.

तेव्हापासून वाटीकर डब्याबरोबर बाटली आणायला लागला. कंपनी दर महिन्याला आम्हाला एक बाटली देते, त्यामुळे त्याच्या घरी कपाटभर बाटल्या होत्या. एका दुपारी तो घाबरून मला विचारायला आला की ती ‘बाटली’ म्हणाली की ‘बाटल्या’? मी ऐकलं होतं, बाटली. त्याचा जीव भांड्यात पडला. उघडलेली बाटली एकच होती आणि ती तिच्या हातची उघडलेली होती.

तो कशाबरोबरही केचप खायचा. भाताबरोबर खाल्लं तेव्हा स्टोअरवाला उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. मग त्यालाच दया आली आणि तो म्हणाला, आण इकडे, चौघं मिळून दोन दिवसांत उडवू. वाटीकरनं बाटली जवळ ओढून घेतली. मी सुचवलं की मोरीत ओत, कोणाला कळणार आहे? तो म्हणाला, “तिला कळेल. मी काय वाढून घेतो आणि काय ओतून देतो, तिला कळतं.”

मुलीचा फोन आला तर म्हणाला, काही नाही, केचप खातोय. तिनं विचारलं, “बाबा, तुम्ही बरे आहात ना?” तो म्हणाला, संपत आलंय.

संपत आलेलं केचप किती दिवस संपत नाही हे मी तेव्हा पाहिलं. आमचाच माल, घट्टपणाबद्दल नावाजलेला. वाटीकर बाटली ओट्यावर डोक्यावर उभी करायचा आणि काम करता करता तिच्याकडे बघायचा. आतला लाल गोळा अर्ध्या वाटेवर येऊन बसलेला, येऊ का नको. वाटीकर ती आपटत नव्हता, चमचा घालून खरवडत नव्हता. तिसऱ्या खिडकीत आता एक नवा हात येतो, केसाळ, सगळ्यालाच आठ देणारा. वाटीकर त्याच्याकडे पाहत नाही.

आणि मग एका सकाळी तो मोरीशी गेला. बाटली नळाखाली धरली, झाकण लावलं, आणि दोन्ही हातांनी खळखळून हलवली. उजेडात धरून पाहिली. आत गुलाबी पाणी.

ती तशीच हातात घेऊन तो मॅडमच्या दारात उभा राहिला आणि अर्धा दिवस सुट्टी मागितली. मॅडमनी वर न बघता विचारलं, कारण?

“बाटली संपली, मॅडम.”

तेव्हा मात्र त्यांनी वर पाहिलं. बाटलीकडे पाहिलं, बराच वेळ. मग म्हणाल्या, “पाणी जास्त झालंय.”

“हो, मॅडम.”

“जा.”

त्यानं बाटली फडक्यात गुंडाळली, पिशवीत उभी ठेवली, कलंडू नये म्हणून बाजूला डबा लावला. एरवी तो बसनं जातो. आज चालत जातो म्हणाला, बसमध्ये धक्के बसतात. दारापर्यंत गेला आणि परत माझ्या टेबलाशी आला.

“पाव कालचा लागतो, नाही का?” त्यानं विचारलं.

मी ते धुवण जन्मात खाल्लेलं नाही. मी म्हटलं, हो, कालचाच.